डावीकडची खुर्ची

सात वाजून अठरा मिनिटांनी स्टिरिओतली बाई वाक्याच्या मधोमध गप्प झाली. बाई तिकडे कुठल्या तरी स्टुडिओत बोलतच असणार, तिचा काही दोष नव्हता. आवाज इकडे मेला. आधी ‘टक्’ असा बारीक आवाज झाला, खोलीत कुणी नख कापावं तसा, आणि मग काहीच नाही. काचेमागचा पिवळा दिवा पेटलेला, सुई आपल्या आकड्यावर उभी, आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून. त्याने सवयीने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. बिघाड झाला की पहिल्यांदा वेळ टिपायची, ही कचेरीतली शिस्त. मग त्याने डावीकडे पाहिलं. डावीकडच्या खुर्चीत बायको विणत बसली होती, ओठ हलवत टाके मोजत होती. तिने मान वर केली नाही. “बंद पडला,” तो म्हणाला. “हं,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, दुसऱ्याच कुणाच्या घरातल्या वस्तूबद्दल बोलावं तशी, “जुनाच होता.” तिने लोकरीचा गुंडा पिशवीत टाकला आणि आत निघून गेली. खुर्चीच्या गादीवर तिच्या बसण्याचा खळगा तेवढा राहिला. तो हळूहळू भरत येताना त्याने पाहिला. एवढं बारकाईने त्या खुर्चीकडे त्याने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

सात ते आठ हा तास म्हणजे त्या दोघांच्या संसारात उरलेली शेवटची सामाईक जागा होती. सकाळी तो बाहेर पडे तेव्हा ती न्हाणीघरात असे. रात्री तिला भूक लवकर लागे आणि त्याला उशिरा. असं कधी तरी ठरलं होतं आणि ठरलेलं पुन्हा कुणी तपासलं नव्हतं. मूलबाळ नाही, म्हणजे मध्ये पडून निरोप पोचवणारंही कुणी नाही. पण सात वाजले की तो स्टिरिओ लावी आणि उजवीकडच्या खुर्चीत बसे, आणि पाच मिनिटांत ती आतून येऊन डावीकडच्या खुर्चीत बसे. दोन खुर्च्या, दोन स्पीकर, मधल्या कपाटावर जुनी जडशीळ पेटी. लग्नानंतर दोघांनी पैसे साठवून घेतलेली ती पहिली वस्तू. बोलणं होत नसे, पण बोलणं न होण्याला एक कारण असे. स्टिरिओ चालू असताना गप्प बसलेली माणसं ऐकत असतात. तो बंद असताना गप्प बसलेली माणसं नुसती गप्प असतात. हा फरक त्याला आतापर्यंत कुणी सांगितला नव्हता; तो त्या संध्याकाळी एकट्याने उजवीकडच्या खुर्चीत बसून राहिल्यावर कळला. हा तास गेला तर मागे काय उरेल याचा त्याने हिशेब मांडून पाहिला. एका दाराच्या दोन किल्ल्या बाळगणारी दोन म्हातारी माणसं, एवढंच उत्तर येत होतं, आणि ते कसंही मांडलं तरी बदलत नव्हतं.

वास्तविक असलं काही ठरवायला त्याला कुणाची मदत लागायला नको होती. मोडक्या वस्तूंचं काय करायचं हे ठरवण्यातच त्याची बत्तीस वर्षं गेली होती. कचेरीत त्याला तोंडावर साहेब आणि पाठीमागे भंगारसाहेब म्हणत. पंखा, खुर्ची, टाइपरायटर, पाण्याचा पंप, काहीही बिघडलं की त्याचा कागद याच्या टेबलावर येई आणि हा दोनपैकी एक शिक्का मारी: ‘दुरुस्त’ किंवा ‘बाद’. नियम दोनच होते आणि दोन्ही त्याच्या हातात आंघोळीच्या मगासारखे बसले होते. पहिला, दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या निम्म्यावर गेला की बाद. दुसरा, लेखी तक्रार आल्याशिवाय कुठलीही वस्तू तपासायची नाही. तक्रार नाही म्हणजे दोष नाही. एका कारकुनाने खुर्चीच्या मोडक्या पायाखाली फायलींची चळत लावून वर्ष काढलं होतं. हा रोज त्याच्या शेजारून जाई, फायली बघे, पुढे होई. “सांगितलं का नाही?” असं शेवटी कुणी तरी त्या कारकुनाला विचारलं, तर तो म्हणाला, “त्यांना दिसत होतं की!” हा किस्सा कचेरीत हसून हसून सांगत, आणि हाही त्यात हसे. नियमाला डोळे नसतात, यात लाजण्यासारखं त्याला काही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कबाईंना त्याने ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातच जोडले. “म्हणजे आज साहेब अर्जदार! तीन प्रतींत तक्रार आणा, मग बघू.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “टाकून द्या हो. आता मुठीएवढे डबे मिळतात, घर दणाणून सोडतात. आमच्याकडे आणलाय. बंद कर म्हटलं की बंद होतो, नवऱ्यापेक्षा बरा.” सगळे हसले. संध्याकाळी तो घरी गेला तर सात वाजता बायको बाहेर आली नाही. आतल्या खोलीत दिव्याखाली बसून विणत होती. त्याने दारातून विचारलं, “बाहेर नाही बसत?” ती म्हणाली, “बाहेर काय आहे?” त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती, आणि देण्यासारखी माहिती त्याच्याकडे नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि पेटी सोडवायला बसला. उजव्या स्पीकरच्या तारा सहज निघाल्या. डावा स्पीकर पुढे ओढला तसा तो डुगडुगला आणि त्याच्या पायाखालून चौघडी कागद बाहेर आला. दबून पुठ्ठ्यासारखा झालेला, कडेने पिवळा. त्याने तो उलगडला आणि स्वतःचं अक्षर ओळखलं. मध्ये उभी रेघ. एका बाजूला ‘घरी आणल्यास’, दुसऱ्या बाजूला ‘संस्थेत ठेवल्यास’. पाच वर्षांपूर्वी बायकोची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. तिला इकडे आणू या, एवढंच बायको म्हणाली होती, पोळ्या लाटता लाटता, त्याच्याकडे न बघता. तो रात्रभर विचार करत पडला. विचार केला नाही असं त्याला कुणी म्हणू शकणार नाही. आणि सकाळी त्याने हा कागद तिच्या हातात ठेवला. जागा, बाई ठेवण्याचा खर्च, औषधं, जिना, झोपमोड, सगळं धरलं होतं. एकही आकडा फुगवला नव्हता. आणि खाली, बोटांच्या सवयीने, शेरा: ‘व्यवहार्य नाही.’ सही. तारीख. तिने कागद वाचला, घडी केली, पुन्हा घडी केली. “बरं,” म्हणाली. तिने भांडायला हवं होतं. भांडली असती तर तो हरला असता, हे त्याला आतून ठाऊक होतं, आणि हरायची तयारी ठेवूनच त्याने तो कागद लिहिला होता असं पुढे कधी कधी त्याला वाटे. पण असल्या वाटण्याला पुरावा नसतो. ती स्वतः जाऊन ताईला संस्थेत सोडून आली. त्यानंतर महिनाभर बोलली नाही. मग बोलू लागली, दूध, वीज, किल्ली, गॅस, एवढं. आठव्या महिन्यात ताई गेली. आणि हा कागद इतकी वर्षं स्पीकरच्या आखूड पायाखाली होता. जपूनही ठेवला नव्हता, फाडूनही टाकला नव्हता. कामाला लावला होता. त्याने तो होता तसा घडी घालून खिशात टाकला, कारण परत स्पीकरखाली घालायला हात धजेना आणि केराच्या डब्यात टाकायलाही.

दुरुस्तीवाला एका जिन्याखाली बसे. त्याच्या डोक्यावर भिंग पट्ट्याने बांधलेलं असे आणि बोलण्याआधी तो समोरच्या वस्तूवर एक फुंकर मारी; बाजारात त्याला सगळे मास्तर म्हणत. पेटी ठेवून घेऊन त्याने दोन दिवसांनी या म्हणून सांगितलं. ते दोन दिवस याने दुकानं पाहिली. एका दुकानात गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या विक्रेत्याने त्याच्यापुढे एक गोल डबा ठेवला. पाच हजार. “यातला डावा स्पीकर कुठला?” याने विचारलं. विक्रेत्याने त्याच्याकडे मायेने पाहिलं. “काका, आता डावं-उजवं कोण बघतं? चारी बाजूंनी ऐकू येतं. कुठेही बसा.” कुठेही बसा, हेच तर नको होतं. दोन खुर्च्या त्या पेटीमुळे तिथे होत्या. डबा आणला की खुर्च्यांना तिथे असण्याचं कारण उरत नव्हतं, आणि कारण नसलेली वस्तू कुठे जाते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्याने किंमत लिहून घेतली. पाच हजारांचे निम्मे अडीच हजार. मास्तरने अडीचच्या आत सांगितलं तर प्रश्न मिटला. वर सांगितलं तर नियमाने मिटला. दोन्हीकडून आपण मोकळे, असं स्वतःला बजावत तो जिन्याखाली पोचला.

“बसा साहेब,” मास्तर म्हणाला. “उभ्याने वाईट बातमी ऐकू नये.” त्याने उघड्या पेटीवर फुंकर मारली. “उजव्या बाजूचा भाग जळलाय. मिळतो, पण जुना माल, तो म्हणेल ती किंमत. मजुरी धरून साडेतीन.”

“साडेतीन हजार!” हा म्हणाला. निम्म्यावर एक हजार. आतल्या आत शिक्का उचललाच गेला. “आणि डाव्या बाजूचं?”

“डावी धडधाकट. नुसती फ्यूज उडाली होती, दुसरी घातली.” मास्तरने त्याच्या तळहातावर काचेची एक नळी ठेवली, गव्हाच्या दोन दाण्यांएवढी, आत काजळीचा ठिपका. “हिचे पैसे लावले नाहीत. अशा डबाभर पडल्यात.”

“दोन्ही एकदमच गेल्या म्हणजे?”

“छे हो! ही जाऊन चार-पाच वर्षं झाली. हे बघा, टोकांना गंज. आणि धूळ बघा.” त्याने बोट फिरवलं. “उजवीकडची धूळ करपलीये, कडक झालीये. डावीकडची कापसासारखी मऊ. या बाजूला इतक्या वर्षांत ऊब म्हणून लागली नाही. एका कानानेच ऐकत होतात की.”

“शक्य नाही,” हा म्हणाला. “डावीकडे माझी बायको बसते.”

“बरं मग?”

“ती टेलिफोनमध्ये होती. सत्तावीस वर्षं ऑपरेटर होती.”

मास्तरने भिंग कपाळावर सरकवलं आणि प्रथमच याच्याकडे नीट पाहिलं. “मग तर साहेब, त्यांना त्याच दिवशी कळलं असणार.”

तो तळहातावरची नळी बघत राहिला. हल्ली वाद्यं पातळ वाजतात असं त्याला बरेच दिवस वाटत होतं. तबल्याला बूड नाही, सतारीला मागचं घर नाही. पण ते त्याने वयाच्या नावावर टाकलं होतं. आपले कान, दुसरं काय. लेखी तक्रार नव्हती. आणि ती, जिला तारेतल्या खरखरीवरून कुठल्या गावात पाऊस पडतोय ते कळे, ती रोज तासभर एका मुक्या लाकडी खोक्याशेजारी बसून टाके मोजत होती. “फ्यूज कशाने जाते?” त्याने विचारलं. “तार तारेला लागली की. पेटीबरोबर आणलेल्या तुमच्या डाव्या तारेचं टोक पिंजलंय, बघितलं मी. स्पीकर कुणी सरकवला-बिरकवला असेल.” म्हणजे तिनेच. कागद पायाखाली घालताना स्पीकर उचलला असेल, तार ओढली गेली असेल. तारीख त्याच्या खिशात होती. आणि समोर, पेटीच्या तोंडावर, आवाज डावी-उजवीकडे वाटायचं ते बटण बरोबर मध्यावर, खाचेत. वापराअभावी घट्ट बसलेलं. सगळे पुरावे याच्या बाजूचे होते. ते कुठल्या कचेरीत दाखल करायचे, एवढाच प्रश्न होता.

त्या रात्री त्याला लवकर भूक लागली, म्हणजे त्याने लावून घेतली, आणि तिच्याबरोबर तो जेवायला बसला. तिने काही न बोलता दुसरं ताट घेतलं.

“डावा स्पीकर बंद होता,” तो म्हणाला. “तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“ताईला पोचवून आले त्या आठवड्यापासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

तिने घास खाली ठेवला. “मला वाटलं तुम्ही बटण फिरवलंत. तुमच्याकडे.”

“मी? मी कशाला फिरवीन?”

“मी तेव्हा बोलत नव्हते ना. म्हटलं, बोलत नाही तर ऐकूही नको, असं असेल तुमचं.” तिने हे एखादा नंबर सांगावा तसं सांगितलं, एकेक आकडा सुटा, चढ-उतार न करता.

“अगं, पण एकदा विचारायचंस! उठून बटण तरी बघायचंस!”

“तिकडून लाइन कापली की का कापली ते आम्ही विचारत नसू. बोर्डातली पिन काढून घ्यायची. दुसऱ्यांना लाइन लागते.” तिने घास पुन्हा उचलला. “बटण बघावंसं वाटलं नाही. खरंच फिरवलेलं निघालं असतं तर?”

“आणि तरी रोज येऊन बसायचीस? पाच वर्षं?”

“तुमच्याकडचं थोडं ऐकू यायचं,” ती म्हणाली, आणि त्याच्या ताटाकडे बघून, “आमटी वाढू?”

ते बटण मध्यावर होतं हे त्याने तेव्हा सांगायला हवं होतं. त्याने ते सांगितलंही. स्पीकर सरकला, तार लागली, फ्यूज गेली, सगळं क्रमाने, जसं अहवालात लिहितात. कागदाचं तेवढं नाही सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. तिचा चेहरा मोकळा होईल म्हणून तो वाट बघत होता. ती म्हणाली, “असं होय,” आणि उठून ताटं विसळायला लागली. नळाच्या आवाजात आणखी काही म्हणाली की काय, त्याला कळलं नाही. त्याच्या लक्षात आलं की आपण निर्दोष ठरलोय आणि त्याचा कुणाला काही उपयोग नाही. पाच वर्षं ती एका अशा नवऱ्याशेजारी बसली होती ज्याने तिचा आवाज कापला होता; त्या माणसाशी तिने जमवून घेतलं होतं. आता तो माणूस कधी नव्हताच असं कळल्यावर, त्याच्याबरोबर काढलेल्या दिवसांचं तिने काय करायचं? आणि खरं तर तो अगदीच नव्हता असं तरी कुठे होतं? खिशातल्या कागदावर त्याची सही होती.

सकाळी त्याने मास्तरला साडेतीन हजार दिले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला, आणि मोडताना काही वाटलं नाही, हातातून बशी सुटताना जसं क्षणभर काही वाटत नाही तसं. हेडक्लार्कबाई म्हणाल्या, “भंगारसाहेबांनी भंगारात पैसे घातले! लेखापरीक्षण लागणार हो!” त्याने हसून घेतलं. मनात कुठे तरी एक हलकट आशा होती, नव्या बल्बसारखी, की दोन्ही बाजू वाजल्या की बाकीचं आपोआप होईल.

रविवारी तो पेटी घेऊन आला. तारांची टोकं नीट वळून बसवली. डाव्या स्पीकरच्या पायाखाली नवा, कोरा पुठ्ठा कापून घातला. सात वाजता दिवा पेटला. सतार होती. पहिलाच सूर डावीकडून आला, जाड, ओला, हाताने धरता येईल असा, आणि त्याच्या मानेवर काटा आला. एवढं सगळं त्या खोक्यात इतकी वर्षं होतं! पाच मिनिटांनी ती आतून आली. विणकाम घेऊन. तो तिच्याकडे न बघता बघत होता. खुर्चीत बसताच तिचा डावा खांदा वर गेला, कुणी अचानक कानाशी बोलल्यावर जातो तसा. तिने टाके मोजायला घेतले. चुकली. उसवले. पुन्हा मोजले. तबला सुरू झाला तेव्हा तिने सुया मांडीवर ठेवल्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसली, एखाद्या अनोळखी बाईच्या घरी चहा येईपर्यंत बसावं तशी. तो मनात म्हणाला, थांब. सवय होईल. थांब.

“अहो,” ती म्हणाली.

“काय गं?” तो इतक्या घाईने वळला की खुर्ची करकरली.

“ते बटण असतं ना. ते जरा तुमच्याकडे फिरवता?”

“मोठा होतोय का? कमी करतो की.”

“कमी नको. तुम्हाला ऐकू यायला हवं ना.” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याने जाऊन तिच्यापुढे गुडघे टेकले असते. “नुसतं फिरवा. मला टाके मोजता येत नाहीत.”

तो उठला. बटण घट्ट होतं. दोन बोटांनी हलेना, तेव्हा त्याने तळवा लावून जोर केला. खाचेतून सुटताना ते किंचित कुरकुरलं. मग सहज फिरत गेलं. डावीकडची सतार पातळ झाली, लांब गेली, आणि नाहीशी झाली.

“झालं?” त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

“हो. बास.”

मागे सुयांची टिकटिक सुरू झाली, न चुकता. तो येऊन उजवीकडच्या खुर्चीत बसला. घड्याळात सात वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. आठ वाजायला अजून एक्केचाळीस मिनिटं होती.